चौकीदार झोपत नसतो

(गोंदिया. थंडीपुरत्या उघडलेल्या रात्रनिवाऱ्यात जानेवारीतली सकाळ. चेतना कॉलेजात शिकते, इथे स्वयंसेवक आहे. देवकाबाई निवारा सांभाळतात.)

चेतना : ...अन् झोपले, काकू. शालीकरामबाबा चक्क आत झोपले. खाट नंबर चार, दोन ब्लँकेट, सहा तास.

शालीकराम : कोन झोपला?

चेतना : कोणीच नाही, बाबा. असं काही घडलंच नाही.

देवकाबाई : मंग घोरून कोन राहिला होता?

शालीकराम : गस्त होती ते. चोराले समजलं पायजे का मानूस जागा हाय.

देवकाबाई : डोळे मिटून?

शालीकराम : अठ्ठावीस वर्सं राइस मिलवर रातपाळी केली, बाई. मिल बंद पडली, मालक रायपूरले गेला. मी नाई गेलो. चौकीदार छताखाली झोपत नसते.

देवकाबाई : आता मिलमंधी राहिलं काय?

शालीकराम : फाटक हाय ना.

चेतना : अकरा दिवस विनवलं यांना. ब्लँकेट दिलं, ते फाटकाच्या कुलपाला गुंडाळलं. परवा पारा सातवर आला. सकाळी मी फाटकावर गेले तर यांचे ओठ निळे, बोट हलत नाही, अन् मलाच विचारतात, गेटपास हाय का.

देवकाबाई : होता का?

चेतना : नव्हता. परत पाठवलं.

देवकाबाई : मंग काल कसा आला हा बुढा?

चेतना : मी या म्हणायचंच सोडलं. फक्त सांगितलं, निवाऱ्यात एकवीस माणसं झोपतात अन् चौकीदार एकही नाही.

शालीकराम : हे काई बरोबर नोहोतं. एकवीस मानसं अन् राखाले कोनी नाई. फाटकाले सुटी देली अन् आलो.

देवकाबाई : ड्यूटी दारापाशी रायते. खाटेवर काऊन?

शालीकराम : तिथून पुरा हॉल दिसते. आडवं होऊन पाह्यलं तर अजून साफ दिसते.

देवकाबाई : अन् चोर?

शालीकराम : एकबी नाई आला. रजिस्टरमंधी लिव, पोरी.

चेतना : लिहिलं. एकवीस जण सुखरूप. बाविसावेही.

शालीकराम : बाविसावा कोन?

चेतना : स्टाफ आहे, बाबा.

देवकाबाई : घ्या, स्टाफ, चहा घ्या. पन आताच सांगून ठेवते, फेब्रुवारी सरला का निवारा बंद होते.

शालीकराम : बंद? अन् मी इथं लागलो त्याचं काय? पोरी, कागद काढ. अर्ज लिव.

चेतना : बोला.

शालीकराम : माननीय साहेब. निवाऱ्यावर चौकीदार रुजू झालेला असल्याकारणाने, सदर फेब्रुवारी महिना पुढील आदेशापर्यंत चालू ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.