माटी मिनोगच्या चहाला रॉकेलचा वास

मी, नोरीन टूही, वय ७४, पूर्वी शाळेत स्वयंपाकीण, आता घरीच, राहणार नॉकडूरा, काउंटी क्लेअर, आज ठाण्यात कोणी न बोलावता येऊन सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझं घर रॉकेलवर तापतं. टाकी अंगणात रस्त्याकडच्या फाटकाजवळ आहे, बॉयलर मागच्या खोपटात. मधली तांब्याची नळी जमिनीखालून जाते. उतारावर माझ्या खाली माटी मिनोग यांचं घर व विहीर आहे.

या हिवाळ्यात भरलेली टाकी फार लवकर उतरली. माझा मुलगा फिन्टन, राहणार डब्लिन, याने चोरीची तक्रार दिली व माटी यांचं नाव घेतलं, कारण माझ्या फाटकाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असे. त्याने मला विचारलं नव्हतं. पोलीस माटींकडे गेले तेव्हा त्यांना स्वयंपाकघरात रॉकेलचा वास आला. माटी चुलीत लाकूड जाळतात, त्यांच्याकडे रॉकेलचं काही काम नाही. म्हणून वास हाच पुरावा धरला गेला. तेव्हापासून चर्चमध्ये त्यांच्या बाकावर कोणी बसत नाही. मी बसते.

मी बॉयलर बंद केला व घरात कोट घालून राहिले. माझ्या नवऱ्याची हर्लिंगची, म्हणजे आमच्याकडच्या काठी-चेंडूच्या खेळाची, काठी मुठीकडून टाकीत बुडवून रॉकेलच्या खुणेवर खडूने रेघ ओढत असे. माटी किल्ली परत करून गेले होते व फाटकाच्या आत येत नसत. रस्त्यावरून म्हणाले, "टाकीशी हर्लिंग खेळतेस होय, नोरीन? कोण जिंकतंय?"

"टाकी," असं मी सांगितलं.

टाकीचा कॉक उघडा ठेवला की बॉयलर बंद असूनही रेघ खाली येई. कॉक बंद केला की रेघ हलत नसे. चोर कॉक बघून चोरी करत नाही. गळती जमिनीखालच्या नळीत होती.

हे सांगायला मी माटींकडे गेले. त्यांनी चहा दिला. मी एक घोट घेऊन कप खाली ठेवला. मी विचारलं, "हा वास कधीपासून?"

"नाताळच्या आधीपासून. आधी वाटलं किटली खराब झाली."

"मग बोलला का नाहीस?"

"पोलीस आल्यावर लक्षात आलं, विहिरीत तुझ्याकडून झिरपतंय. पण तेव्हा बोललो असतो तर म्हणाले असते, चोराला आता विहीर आठवली. साखर वाढवली, झालं."

मी त्यांना ते पाणी पिऊ नको म्हणून सांगितलं. तेव्हापासून पाणी माझ्याकडून जातं. माझा नळ गावच्या पाण्याचा आहे.

नंतर मी नळीच्या रेषेवर खणलं. फाटकाच्या नव्या खांबाशी माती काळी व वासाची लागली. खांबाच्या काँक्रीटखाली नळी चेपून फाटली होती. मी एकटी असते म्हणून ते फाटक फिन्टनने सप्टेंबरात स्वतः बसवलं. मी त्याला फोन केला. खांबाखाली काय सापडलं ते सांगितलं. मग तो म्हणाला, "आई, मी तक्रार मागे घेतो."

मी नको म्हटलं. मागे घेतली तर लोक म्हणतील, शेजारी म्हणून सोडून दिलं. चोरी झालीच नाही, असं लिहिलं गेलं पाहिजे.

सार्जंट हेहिर मला म्हणाले, "नोरीनबाई, नळी फुटली तर प्लंबरकडे जायचं, इथे काय काम?" मी माटींच्या विहिरीच्या पाण्याची बाटली टेबलावर ठेवली व त्याचा चहा करा म्हटलं. त्यांनी झाकण उघडलं, मग खिडकी उघडली.

माझी मागणी अशी की, पोलिसांनी माटी मिनोग यांच्या घरी पुन्हा जावं. त्याच गाडीतून, गणवेशात, रविवारी चर्च सुटताना, आणि गाडी आधी लावली होती तिथेच, रस्त्यावरून दिसेल अशी लावावी. चहा दिला तर घ्यावा. दूध-साखर मी नेऊन ठेवीन, पाणीही. सार्जंट म्हणाले की हे जबाबात बसत नाही. मी बसवा म्हटलं, तेव्हा त्यांनी लिहून घेतलं.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. कागदाच्या माथ्यावर विषयाच्या रकान्यात "चोरी प्रकरण" असं लिहिलं होतं. तिथे खाडाखोड करून "गळती प्रकरण" करून घेतलं व त्या खाडाखोडीवर वेगळी सही केली. बाकी मी सांगितलं तसंच आहे.

नोरीन टूही