उतू चाललेलं दूध

अरे, बिघडलेली फाइल परत येते, पण कशी येते ते ऐका. कशेळीची माझी आत्या लग्नात धवले गायची. ती बोलेल ते मी टाइप करत गेले आणि गाण्यांखेरीज बाकीचं नंतर खोडलं. आत्या गेली. फुवांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, तिच्या धवल्यांचं पुस्तक काढायचं होतं, तर फाइल उघडल्यावर नुसते चौकोन! खूप खटपट करून शेवटी नुसता मजकूर बाहेर काढला. गाणी आली, पण खोडलेलं फाइलच्या पोटात तसंच राहिलं होतं, तेही सगळं आलं. एका धवल्याच्या मधोमध आत्या ओरडत होती, "अवो, दूध उतू चाललंय, बगा ना जरा!"

मी म्हटलं, "फुवा, हे काढून टाकते."

"न्हाय गो," फुवा डोळे पुसत म्हणाले, "गानी सगल्यांसाठी हायेत. ह्ये ती माज्याशी बोललीय."