पहिला नारळ कोणाचा?

आमच्या गावात रेंज का नाही, सांगू? एक परदेशी कंपनी पैसे घालून सड्याच्या उघड्या कातळावर टॉवर उभारणार होती. जागा बघायला त्यांचा साहेब आला. दुभाषी मीच. घरी बसून नोकरी करता येईल, म्हणून सगळ्यांत खूश मी.

रीतीप्रमाणे ग्रामदेवीला कौल लावला. देवीने लगेच होकार दिला. भूमिपूजनाच्या नारळावरून अडले ते मानकरी.

"पहिला नारळ आमच्या घराण्याचा," माझे आप्पाकाका म्हणाले.

"पालखीला पहिला खांदा आमचा, मग नारळही आमचाच," वरच्या वाडीचे नाना म्हणाले.

"दोघं मिळून फोडा ना!" मी ओरडले.

"तुला रीत काय कळते गो?" एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत.

साहेबाने विचारलं, "यांचा टॉवरला विरोध आहे?"

"नाही, नारळ कोणी फोडायचा ते ठरत नाहीये."

"ठरलं की कळवा," म्हणून तो गेला. टॉवर शेजारच्या गावात उभा राहिला आणि मी मुंबईला आले.

परवा त्याच टॉवरखालून आप्पाकाकांचा फोन आला. "घर ओकंबोकं वाटतं गो. कधी येतेस?"

"नारळाचं ठरलं की."

ते हळूच म्हणाले, "नाना इथेच उभे आहेत. लेकाला फोन लावतायत. हल्ली आम्ही दोघं जोडीनेच चालत येतो."