स्तमातियानं पाठवलेलं तेल

त्या दिवशी पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी, पापादिया — तेव्हापासून हे जळणं माझ्या डोक्यात शिरलंय, या दवाखान्यात आल्यापासून नाही. होडी धक्क्याला लागली ना, तेव्हा. तुम्ही पाद्रीबाबांची बायको, तुम्ही होताच तिथं. दोघं गेले होते मासेमारीला, माझा पांतेलिस अन् शेजारच्या स्तमातियाचा यानुलिस, आणि वादळातून परत आला तो एकटा माझा. मी तर बोंबच ठोकली, अहो नवरा जिवंत आला होता माझा! — आणि ती? तिनं छातीवर क्रूसाची खूण केली, "प्रभू, त्याला सांभाळ" म्हणाली, अन् गेली देवळात मेणबत्ती लावायला. सगळं बेट तिच्याकडे बघत राहिलं. माझ्या नवऱ्याची कंबर मोडली होती, फळीवर घालून उतरवला त्याला — त्याच्याकडे बघितलं कुणी? कुणी नाही.

बसा ना. हळू बोला पण, आत्ताच डोळा लागलाय बाळीचा, नाकातल्या नळीनं दचकते ती. — नाही हो, मला काय हवंय त्या बाईचं? घर माझं मोठं. नवरा मलाच राहिला. मग जळतं कुठं? सांगते. तिची प्रार्थना बघवत नाही मला! सगळं गेलं तरी रविवारी पहिली उभी, उपास मोडत नाही, देवळाचा पाव भाजते तर तोही कसा सरळ फुगतो — माझा मेला वरच्या क्रूसाच्या शिक्क्यावरच तडकतो, अन् तुम्हीच परत देता, "असिमिना, पुढच्या खेपेला बघू गं." मला सगळं मिळालं, आणि मी हात जोडले की तोंडातून शब्द फुटत नाही. माझ्या वाटणीचा विश्वास देवानं तिच्या पदरात टाकला, असंच वाटतं बघा.

ही बाटली कसली? तेल? तिनं दिलं? — ठेवा पिशवीत. तिच्या दिव्याचं तेल माझ्या पोरीच्या कपाळाला नको. — काय? माझ्या दिव्याचं? माझा कुठला, तो तर निघताना मीच चिमटीनं... म्हणजे वारा होता हो, विझला असेल. — रोज जाते? किल्ली कुंडीखाली असते, ठाऊकच आहे तिला. माझ्या घरात, माझ्या मरियामाईपुढं, तिच्या हातची वात! — अन् पांतेलिसला सूपही नेते? बघा, फोनवर एका शब्दानं बोलला नाही तो. आवडत असेल सूप.

नर्सनं मघाशी नाव विचारलं. म्हटलं, बाळी, बाप्तिस्म्याआधी नाव कुठलं? "आठ महिन्यांची झाली, अजून बाप्तिस्मा नाही?" म्हटलं, धर्मआईच्या घरी दुखवटा होता, मग थंडी पडली, मग... काय सांगू तिला? आमच्या लग्नात साक्षीला उभा राहून आमच्या डोक्यावरचे मुकुट यानुलिसनं बदलले, तेव्हा पहिलं लेकरू त्याच्याच घरच्यानं बाप्तिस्म्याच्या पाण्यातून उचलायचं, तो नाही तर नाव स्तमातियानंच उच्चारायचं. मान तिचा आहे, कुणी नाही म्हटलंय? पण माझी पोर तिच्या हातात, अन् ती अशी मेणबत्तीसारखी ताठ, डोळ्यात टिपूस नाही, आणि पुन्हा सगळं बेट तिच्याकडेच बघणार — नाही सोसवलं मला. लांबवलं मी. हो, मीच. आणि उद्या सकाळी आत नेणार तिला, छाती उघडणार, अन् मी बाहेर बसून देवाला कुणाचं नाव घेऊन हाक मारू? बाळ्या काय, सगळ्या बेटावर आहेत!

द्या ती बाटली इकडं. द्या हो. — हे बघा, तेलाचं बोट लागलं तर झोपेतसुद्धा कपाळाला आठी घालते, माझ्यावर गेलीय.

जा तुम्ही आता, भोंगा वाजला, बोट चुकेल. तिला म्हणावं, संध्याकाळच्या बोटीनं ये, पाद्रीबाबांना घेऊनच ये. बाप्तिस्म्याचा झगा नको, काही नको. नाव तिनं आणावं, कुठलं ते मी विचारणार नाही. आणि पापादिया — एवढं विसरू नका, तिला सांगा, एकदा तरी माझ्यासमोर रड म्हणावं.