सहा पूर्णांक आठ ठिपके

हात इकडे करा. तो नाही, ज्यात काच गेलीय तो, उजवा. मारताना हाच वापरलात ना, मग आता लपवताय कशाला. धरा दिव्याखाली. मला मारलंत ते ठीक — म्हणजे ठीक नाही, दात गेलाय माझा, तो बघा बशीत ठेवलाय, आणि या बाजूच्या फासळीत श्वास घेतला की सुरी फिरते — पण मायक्रोस्कोप काय तुमच्या अंगावर धावून आला होता का, गोमाजी? वल्ह्याच्या दांड्याने मायक्रोस्कोप फोडला. बासष्ट साली घेतलेला. असू दे. दांडा राहू दे मांडीवर, बरं वाटत असेल तर राहू दे. फक्त बोटं हलवू नका. चिमट्याने काढतोय, खोल आहे.

आत आल्या आल्या काय म्हणालात तुम्ही — ‘डाक्टरा, रिपोट बदल, नाय तं हाडं मोडीन.’ मोडलीत की. पण मार खाऊन रिपोर्ट बदलत नसतो. अकरा वाजता वर्तकनगरला, श्रीपादच्या नर्सिंग होममध्ये, तुमच्या धाकट्या भावाचा पाय मांडीतून कापणार आहेत, आणि कापायला कारण हा माझ्या सहीचा कागद. हाडाचा कॅन्सर. चोवीस वर्षांचा दामाजी, खाडीच्या चिखलात उतरून जाळी लावणारा, एका पायावर चिखलात कसा उभा राहील — मला काय कळत नाही? तुमच्या जागी मी असतो तर मीही असाच... नाही, मी नसतो आलो. मी घरी बसून पत्र लिहिलं असतं आणि ते पाठवलं नसतं.

कशावरून ठरवलं, हेच ना? सांगतो. मांसाच्या प्रत्येक पेशीच्या पोटात एक गोळी असते आणि त्या गोळीत बारीक ठिपके. एरवी दिसत नाहीत. वर चांदीचं द्रावण घालायचं, अंधाऱ्या कपाटात अर्धा-पाऊण तास ठेवायचं, की ठिपके काळे पडतात, मिरपूड सांडल्यासारखे. मग मोजायचे. शंभर पेशी, एकेक करून, मान मोडेपर्यंत. साध्या गाठीत पेशीमागे दीड, फार तर दोन. आणि जी पेशी माजलीय, जिला वाढायची घाई झालीय, शेजारणीचा गळा धरून तिचं रक्त पिणारी, हाड आतून पोखरणारी — तिच्यात पाच, सहा, सात. दामाजीच्या गाठीत आले सरासरी सहा पूर्णांक आठ. दोनदा मोजले मी. त्या काचपट्ट्या आता तुमच्या चपलेखाली आहेत, त्यामुळे तिसऱ्यांदा कुणी मोजू शकत नाही.

नेहमीचा रंग दिला होताच, तो गुलाबी-जांभळा. त्यात कळेना. काही गाठी असतात अशा, बघावं तर साधी, पुन्हा बघावं तर खुनी. एरवी अशा वेळी मी लिहितो — बहुधा. तीस वर्षं लिहीत आलोय. बहुधा कॅन्सर, बहुधा नाही. श्रीपाद माझा विद्यार्थी, आता मोठा सर्जन, तो आणि त्याची मंडळी मला मागून ‘बहुधा सर’ म्हणतात. मला ठाऊक आहे. मागच्या आठवड्यात फोनवर समोरच म्हणाला, ‘सर, मला सुरी धरायचीय. बहुधावर सुरी धरता येत नाही.’ बरोबरच आहे त्याचं. म्हणून चांदी. चांदी आकडा देते हो. आयुष्यात पहिल्यांदा मी तो शब्द न घालता सही केली, आणि खरं सांगू, त्या दिवशी दोन घास जास्त जेवलो.

आ — हलवू नका म्हटलं ना. रक्त येऊ दे, घाण निघून जाईल.

आता चांदीचा एक नखरा आहे. तिला मीठ चालत नाही. पाणी लागतं ते एकदम शुद्ध, गाळलेलं, वाफेचं. मिठाचा अंश असला की चांदीची साय धरते आणि उजेडात ती काळी पडते — तिचेही ठिपकेच होतात. कुठेही पडतात, पेशीत, पेशीबाहेर. मे महिना, लाईट सारखी जातेय, आमच्या पाणी गाळायच्या भांड्याची कॉइल जळली, तेव्हा स्टेशनजवळच्या बॅटरीच्या दुकानातून, ते बॅटरीत घालतात त्या गाळलेल्या पाण्याचा कॅन आणला. ते लोक काय करतात, कॅन संपला की बोअरिंगच्या पाण्याने भरतात. कोपरीतलं बोअरिंग, खाडी हाकेवर, तुम्हीच सांगा त्याची चव कशी असते. मी त्या पाण्यात चांदीचा एक थेंब टाकून पाहिला तर पाणी दुधासारखं पांढरं झालं. शनिवारी —

शनिवारी.

हो. आज सोमवार. ऐकलंत बरोबर. नाही, थांबा, दांडा खाली ठेवा, अर्धं बोललोय, अर्धं राहिलंय, मारायचं तर पूर्ण ऐकून मारा. शनिवारी सकाळी मला कळलं. फोन समोर होता, आता भिंतीतून उपटलाय तुम्ही, पण तेव्हा चालू होता. तीनदा उचलला. श्रीपादला काय सांगणार होतो — बाळा, मी बॅटरीचं पाणी वापरलं? तो हसला असता. नुसत्या त्या हसण्यापायी, गोमाजी. मी म्हटलं, कॅन्सर असेलही. असेलही ना, पाणी खराब म्हणून गाठ साधी असं थोडंच आहे. रविवार असाच गेला. आणि कापलेला पाय जातो कुठे माहितीये? माझ्याकडे येतो. बादलीत, हिरव्या फडक्यात गुंडाळून, नखांसकट. आज दुपारी दामाजीचा पाय या टेबलावर आला असता. मी त्याचं हाड करवतीने उभं चिरलं असतं आणि आत साधी गाठ निघाली असती, तर कागदावर काय लिहिलं असतं मी? रविवारभर हेच घोकत होतो. मी... कॅन्सरच लिहिला असता. बघणारं दुसरं आहे कोण.

मारा. नाही मारत? मग रडताय कशाला, उठा.

हे बघा, लिहितो. ‘श्रीपाद, रंगात दोष. आकडा रद्द. ऑपरेशन थांबव. मेणात धरलेला तुकडा शाबूत आहे, तो दुसऱ्या लॅबला पाठवतो, आठवडा लागेल.’ सही. आणि तारीख, तेरा मे एक्याण्णव. मारामुळे लिहितोय का मी हे? काय माहीत. असेन. फासळी मोडली नसती तर दुपारी बादलीची वाट बघत बसलो असतो, हेही असेल. आठवड्याने दुसराही कॅन्सरच म्हणाला तर पाय जाईल, ते आत्ताच डोक्यात घ्या, मी कबूल करतोय म्हणून दामाजी वाचला असं नाही. पण खाऱ्या पाण्याने जाणार नाही.

मुठीत धरू नका, रक्ताने अक्षर जाईल. खिशात ठेवा, वरच्या. नर्सच्या हातात देऊ नका, श्रीपादच्या हातात द्या, तो वाचेपर्यंत हलू नका. आडवं कुणी आलं तर... हा दांडा इथेच ठेवून जा, नाही तर तिथेही फोडाफोडी कराल आणि कागद राहील बाजूला. आता पुढच्या दाराने नको. तुम्ही कपाट पाडलंत तेव्हा आमची लॅबमधली हेमा ओरडत चौकीकडे पळालीय, ती हवालदाराला घेऊनच येईल, आणि त्यांनी तुम्हाला बसवून ठेवलं की अकरा वाजले. मागे मोरीतून वाट आहे, गल्लीत रिक्षा मिळेल. हवालदाराशी मी बोलत बसेन.

मी त्याचा हा एवढाच तुकडा पाहिलाय हो, वालाच्या दाण्याएवढा. माणूस कसा दिसतो, तुमच्यासारखा आहे का तोंडावळ्याने, हसतो कसा, काही माहीत — नको. नको सांगूस. पळ.