हात लावला की ताजं

नाही, पण तुम्हीच सांगा, भर जुलैत, मासेमारीला बंदी, होड्या ताडपत्रीखाली, चार दिवस उन्हाचा पत्ता नाही, अशात बोंबील कोण वाळत घालेल? कोणी नाही ना? आमच्या तारापूरकडच्या किनाऱ्यावर त्रेचाळीस पोती वाळली! एकाच दिवशी! सकाळी अकरा बेचाळीसला! आणि कशी? आपोआप!

हसू नका हो. अकरा बायकांची वर्षाची मेहनत होती ती.

तुम्हाला सांगतो, मी सात वर्षं हॉलंडला शिकलो, आणि परत आलो ते पेटूनच. बायकांनी बोंबील वाळवायचे आणि नाव व्यापाऱ्याचं? का म्हणून? काढलं ऑनलाइन दुकान! प्रत्येक पोत्याची नोंद... कोणाचं, वजन किती, आणि शेवटचा रकाना, 'वाळवल्याची तारीख'. तारीख माणसाने लिहिली की चुकते, म्हणून माणसाने लिहायचीच नाही. नोंदीला हात लागला की त्या क्षणाची वेळ पडणार. आपोआप! पोतं आलं, नोंद केली, तारीख हजर. काय सुंदर! फक्त पुन्हा कोणी त्या नोंदीला हात लावायचा नाही.

आणि मी लावला. त्या दिवशी सकाळी दिसलं, 'बोंबिल'. ऱ्हस्व! त्रेचाळीस वेळा ऱ्हस्व! माझा जीव राहीना. एका फटक्यात सगळे दीर्घ केले, आणि चहा प्यायला गेलो.

बारा दहाला फोन. केळव्याच्या जागृतीताई. तिथल्या आठ घरगुती खाणावळींसाठी साठ किलो घेणार होत्या.

"मेहुल, तुमच्याकडे आज ऊन पडलंय का?"

"छे हो ताई, धो धो चाललाय."

"मग हे बोंबील काय इस्त्रीने वाळवलेत?"

उघडून बघतो तर सगळी पोती आजची! "चारला येते," म्हणाल्या. "खऱ्या तारखा दाखवा आणि माल द्या. नाही तर आठही घरांना सांगते, ही माणसं खोटारडी आहेत." फोन ठेवला!

म्हटलं, नोंदींची जुनी प्रत आहे ना? आहे की. रोज दुपारी बाराला निघते... आणि कालच्या प्रतीवरच लिहिली जाते. आपोआप!

पळालो प्रेमला मावशीकडे. या अकराजणींची म्होरकी ती. लॅपटॉप शर्टात, वर प्लास्टिक. सगळं सांगितलं. तिने पान थुंकलं. "म्हंजे तू हात लावलास, आन् सुकी मासली ताजी झाली?"

"तसंच काहीसं."

"मंग माज्या गुडघ्यानाबी हात लाव की रे!"

बाकीच्या दहाजणी खो खो. मी रडकुंडीला! मावशीचं हसू मात्र लगेच विझलं. "ह्या वल्या हवेत माल किती टिकल? आज नाय उचलला तं खतात जाईल. बस खाली. लिव."

पोतं सोडायची, एक बोंबील मोडायची, वास घ्यायची. "ह्यो चैताच्या पुनवेच्या उधानाचा. ह्यो त्याच्याआदीचा, अष्टमीच्या भांगाचा, भरती कमी, पानी मंद व्हतं, माल बारीक हाय बग. ह्यो हंसाचा, तिची सून बाळंत झाली त्याच्या दुसऱ्या दिसाचा." मी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी शोधतोय, तारखेच्या रकान्यात हाताने टाकतोय, तेवढं टिकतं... एकोणीस पोती झाली, दोन वाजले, आणि मला दिसलं, एकोणिसांचं वजन किलोऐवजी ग्रॅममध्ये. केलं दुरुस्त. सगळ्यांची तारीख? आजची! आपोआप!

अहो, होडीचं भोक बुजवायचं सोडून मी पाणी उपसत बसलो होतो! आधी तो आपोआपपणा काढून टाकायला नको? सात वर्षं शिकलेल्याला हे दोन वाजता सुचलं. काढला. परत पहिल्यापासून. मी भराभर लिहितोय, मावशी ओरडतेय, "पुनव म्हनले ना मी, आवस कुटून लिवलीस?"

त्रेचाळिसावं लिहिलं आणि दारात रेनकोट. चार!

मी स्क्रीन पुढे केला. जागृतीताईंनी बघितलासुद्धा नाही! मावशीपुढे बसल्या. "हा कधीचा?"

"चैती पुनवेचा. त्या दिशी असा वारा व्हता, दुपारीच कडक झाला."

ताईंनी बोंबील मोडला. कट्! दुसरा. कट्! मग म्हणाल्या, "साठ नको, ऐंशी द्या." मला रडूच फुटलं... आणि जाताना म्हणतात, "मेहुल, ती वेबसाइट राहू दे. मावशींचा नंबर द्या."

दिला. काय करणार?

आता गावात चालणं मुश्कील झालंय. काल दादूकाकाने अडवलं, वीस वर्षांची होडी दाखवली. "लाव रे हात, नवी होऊ दे." जमनाआजीने म्हाताऱ्याला ओढत आणलं, "ह्याना लाव." मी मुकाट लावतो. म्हातारा आहे तसाच राहतो, होडी आहे तशीच गळते.

वाळवल्याची तारीख आता मावशी सांगते, मी हाताने लिहितो. 'बोंबिल' पुन्हा ऱ्हस्व झालाय कुठे कुठे. रोज दिसतो. मी हात मागे बांधून बसतो.