काळा चष्मा, फिकट चष्मा

डोळ्यांत थेंब घातल्यामुळे माईंना काही नीट दिसत नव्हतं, पण कानांना कुणी झाकण लावलं नव्हतं. डॉक्टरांच्या खोलीतून एक म्हातारा वेल्डर बाहेर आला आणि शेजारच्या बाकावर सुनेजवळ टेकला.

"काय म्हणाले, मामा?"

"डोळे ठणठणीत आहेत. उगाच आणलंस."

"उगाच? हातातली वेल्डिंगची लेझर बंदूक तिरकी झाली अन् पत्र्यावरून उसळून झोत थेट तुमच्या तोंडावर आला!"

"मला तर काही दिसलंसुद्धा नाही."

"तो दिसतच नाही. म्हणून तर घात करतो."

"तीस वर्षं काळ्या चष्म्यानं वेल्डिंग केलं गं. वाटायचं, काच जितकी काळी तितकी भारी. तुझा तो फिकट हिरवा म्हणजे नुसता नखरा."

"काळी काच जुन्या वेल्डिंगला ठीक. लेझर तिला जुमानेलच असं नाही. हा फिकट असला तरी त्याच्यासाठीच बनवलाय. काचेवर तसं लिहिलंय."

"मला कुठं वाचता येतं?"

"म्हणून तर सकाळी तुमचा काढून घेतला अन् हा चढवला."

"चारचौघांत! 'तुझ्या बापाला शिकव' म्हणालो मी तुला."

"म्हणालात खरं."

पुढचं ऐकायचं चुकू नये म्हणून माईंनी खोकलासुद्धा गिळला.

"सूनबाई."

"हं?"

"उद्या कारखान्यात सगळ्यांना बसवून हे नीट समजावून सांग. पुढच्या ओळीत मी बसतो."

"आणि कुणी हसलं तर?"

"सांग त्याला, 'सगळ्यांत आधी माझा सासरा हसला होता. याच चष्म्यामुळं आज त्याला माझं तोंड दिसतंय.'"